कांदा, केळी, कापूस, मिरची : पेशीच्या भागांच्या स्लाइड-संचाच्या प्रकल्प नोंदी

काम असं : चोपडा तालुक्यातल्या शाळांना फिरवता येईल असा स्लाइडचा संच करायचा. पेशीचा एकेक भाग मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे, आणि माल शेतातला नाहीतर बाजारातला हवा. हाताशी शाळेतला साधा मायक्रोस्कोप, १०x नेत्रभिंग, १०x आणि ४०x वस्तुभिंगं. म्हणजे जास्तीत जास्त ४०० पट.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाकली. रायबोझोम, आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्जी संकुल हे पेशीतले अतिसूक्ष्म भाग संचात नाहीत. प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला साधारण ०.२ मायक्रोमीटरच्या खालचं वेगळं करता येत नाही आणि रायबोझोम त्याच्याही जवळजवळ दहापट लहान असतो. स्लाइडवरच्या एखाद्या ठिपक्याला बाण लावून 'हे रायबोझोम' असं लिहायचं नाही.

६ सप्टेंबर. मायक्रोस्कोप

पहिला दिवस पेशी न बघताच गेला. पावसाळ्यात पेटीत बंद राहिल्यामुळे ४०x भिंगावर धूसर थर बसला होता. कोरड्या फडक्याने पुसू नका, कणांचे ओरखडे कायमचे राहतात. आधी ब्लोअरने धूळ उडवली. मग लेन्स पेपरला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लावून मधून कडेकडे गोल फिरवत पुसलं. तीन कागद लागले.

उजेडासाठी आरसा उन्हाकडे धरायचा नाही, डोळ्याला इजा होते. टेबलावर एलईडी दिवा ठेवून त्याच्यापुढे बटर पेपर लावला. कंडेन्सर (स्टेजखालचं उजेड एकवटणारं भिंग) नसेल तर आरशाची खोलगट बाजू, असेल तर सपाट बाजू. आमच्याकडे तासभर ही बाजू उलटीच होती.

मोजमापाची पट्टी नव्हती. पारदर्शक प्लास्टिकची फूटपट्टी स्टेजवर ठेवून १०x खाली वर्तुळाची रुंदी मोजली : १.८ मिमी. ४०x खाली ती चौथा हिस्सा, म्हणजे ०.४५ मिमी. पुढची सगळी मापं याच दोन आकड्यांवरून काढली आहेत. तुमचं नेत्रभिंग वेगळं असेल तर आकडे बदलतील, स्वतः मोजा.

वेळ ३ तास.

८ सप्टेंबर. कांदा : पेशीभित्तिका आणि केंद्रक

पहिल्या नऊ स्लाइड फेकल्या. तीन कारणं निघाली.

एक, पापुद्रा दुमडला. कांद्याच्या पाकळीचा मोठा तुकडा घेऊन सोलत होतो, तो गुंडाळला जायचा. नंतर रीत बदलली : पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूवर ब्लेडने ५ मिमीचा चौकोन हलकेच कापायचा, चिमट्याने एक कोपरा उचलायचा आणि तो तुकडा हवेत न धरता थेट वॉच ग्लासमधल्या पाण्यात सोडायचा. तिथून ब्रशने काचपट्टीवर घ्यायचा.

दोन, बुडबुडे. कव्हरस्लिप (वर ठेवायची पातळ काच) वरून टाकली की हवा अडकते. एक कड पाण्याच्या थेंबाला टेकवून दुसरी कड सुईवर धरून सावकाश खाली आणली की बुडबुडे जवळजवळ येत नाहीत. मुलांना काळ्या जाड कडेचा गोल दिसला की पेशी सापडली असं वाटतं. म्हणून बुडबुड्याची एक स्लाइड मुद्दाम करून ठेवली आणि तीच आधी दाखवायची ठरवली.

तीन, केंद्रक रंगवायचं आयोडीन. औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन वापरून पाहिलं. ते घट्ट असतं आणि त्यातलं आयोडीन हळूहळू सुटतं, त्यामुळे सगळा पापुद्रा फिकट तपकिरी झाला आणि केंद्रक उठून दिसलं नाही. ₹७० गेले. मग द्रावण घरीच केलं : पोटॅशियम आयोडाइड २ ग्रॅम थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवायचं, त्यात आयोडीन १ ग्रॅम टाकून ढवळायचं, ते विरघळल्यावरच पाणी घालून १०० मिली करायचं. आधी पाणी भरलं तर आयोडीनचे खडे तळाला तसेच राहतात. तपकिरी बाटलीत ठेवा.

या द्रावणात दोन मिनिटांत केंद्रक पिवळसर-तपकिरी झालं. १०x खाली वर्तुळाच्या रुंदीत लांबीने पाच पेशी बसल्या, म्हणजे एक पेशी ०.३६ मिमी. डोळ्यांनी दिसण्याच्या अगदी काठावर.

केंद्रक बऱ्याच पेशींत मधोमध नसतं, कडेला असतं. मधली जागा रिक्तिकेने (रसाने भरलेल्या पिशवीने) व्यापलेली असते आणि पेशीद्रव्य, केंद्रक भिंतीलगत सरकतं. काही पेशींत ते मधे असल्यासारखं दिसतं, कारण आपण वरून पाहतो आणि ते वरच्या किंवा खालच्या भिंतीला चिकटलेलं असतं. बारीक फोकस फिरवला की उलगडा होतो. आकृतीत पाहिलं म्हणून मुलं वहीत ते मधेच काढतात. या स्लाइडसोबत 'जिथे दिसेल तिथेच काढा' अशी चिठ्ठी ठेवली आहे.

प्रद्रव्यपटल (पेशीद्रव्याभोवतीचा पातळ पडदा) या स्लाइडवर दिसत नाही. जी रेघ दिसते ती भित्तिका. पटल तिला आतून इतकं चिकटून असतं की वेगळं काढता येत नाही. त्यासाठी पुढची नोंद.

१३ सप्टेंबर. लाल कांदा : रिक्तिका आणि प्रद्रव्यपटल

पांढऱ्या पापुद्र्यावर रिक्तिका दिसत नाही, कारण ती पाण्यासारखी पारदर्शक. लाल कांद्याच्या पाकळीच्या बाहेरच्या बाजूच्या पेशींत जांभळा रंग रिक्तिकेच्या रसातच असतो. निसर्गाने रंगवून दिलेली रिक्तिका. हा पापुद्रा आतल्यासारखा सहज सुटत नाही, तेव्हा नव्या ब्लेडने अगदी आडवा, कागदासारखा पातळ काप घेतला. कापाच्या पातळ कडेला पेशींचा एकच थर मिळतो, तिथेच बघायचं.

भरताचं वांगं चालेल का, असं आधी वाटलं होतं. जळगावच्या भरताच्या वांग्याची साल हिरवी असते, त्यात हा रंग नाही. जांभळ्या वांग्याची साल घेतली तर चालते, पण काप जाड येतो. कांदाच बरा.

आता रससंकोच, म्हणजे पाणी बाहेर जाऊन पेशीतला भाग भिंतीपासून आकसणं. मिठाचं पाणी किती कडक हवं यात अर्धा दिवस गेला.

१ टक्का : काहीच झालं नाही. पेशीरस जवळपास तेवढाच तीव्र असतो, पाणी बाहेर यायला कारणच नाही.

१० टक्के : झटक्यात आकसलं, मग पेशी मेल्या आणि जांभळा रंग सगळीकडे पसरला. पटल फाटल्यावर असंच होतं.

५ टक्के (१०० मिलीला ५ ग्रॅम) : तीन मिनिटांत जांभळा गोळा भिंतीपासून सुटून मधे आला. दिसायला छान, पण साधं पाणी सोडल्यावर निम्म्याहून जास्त पेशी परत फुगल्या नाहीत.

शेवटी साखर. २० ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून १०० मिली केलं. आठ ते दहा मिनिटं लागतात, पण सगळं सावकाश डोळ्यांसमोर घडतं आणि पाणी दिल्यावर बहुतेक पेशी पूर्ववत होतात. द्रावण बदलताना कव्हरस्लिप उचलायची नाही. एका कडेला थेंब ठेवायचा, समोरच्या कडेला टिपकागद लावायचा, पाणी आपोआप ओढलं जातं.

गोळ्याची कड म्हणजे प्रद्रव्यपटल, तेच आता भित्तिकेपासून दूर झालेलं आहे. पटल आणि भित्तिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दाखवायला संचात याहून चांगलं काही नाही. पडताळा म्हणून उकळत्या पाण्यात मिनिटभर धरलेला काप शेजारी ठेवा. त्यात रससंकोच होत नाही, कारण पटल शाबूत नाही.

वेळ ५ तास. एवढ्या वेळेचं चीज झालं.

२० सप्टेंबर. हायड्रिला : हरितलवकं

शेततळ्यातून हायड्रिला ही पाणवनस्पती दुपारी आणली, बंद बाटलीत, मोटारसायकलच्या डिकीत. पोचेपर्यंत पाणी कोमट झालं होतं. हरितलवकं (पानाला हिरवा रंग देणारे पेशीतले कण) दिसली, पण सगळी जागच्या जागी. अख्खा दिवस वाया.

२१ ला सकाळी सातला तळ्यातल्याच पाण्यासकट उघड्या तोंडाच्या बादलीत आणली, सावलीत ठेवली. नळाचं क्लोरिनचं पाणी घातलं नाही. फ्रिजमध्येही ठेवू नका, गारठ्याने हालचाल मंदावते.

पान शेंड्याजवळचं, कोवळं घ्या. पातं दोनच पेशींच्या जाडीचं असतं, रंगही नको आणि कापही नको. अख्खं पान पाण्याच्या थेंबात ठेवून दहा ते पंधरा मिनिटं एलईडीच्या उजेडात राहू दिलं, मग मधल्या शिरेलगतच्या पेशी ४०x खाली पाहिल्या. हरितलवकं भिंतीच्या कडेकडेने एकामागून एक फिरत होती. पेशीद्रव्य वाहतं आणि ती त्याच्याबरोबर वाहतात. दोन थर असल्यामुळे फोकस जरा हलला की वेगळ्याच मापाच्या पेशी दिसतात. गोंधळून स्लाइड बदलू नका.

जुन्या पिवळ्या बल्बच्या दिव्याखाली दहा मिनिटांत हालचाल थांबली. स्टेज तापलं होतं.

ही स्लाइड टिकवता येत नाही. ग्लिसरीनमध्ये पेशी आकसतात आणि हिरवा रंग उडतो. दर वेळी ताजी करायची.

२८ सप्टेंबर. केळी : अवर्णलवकांतला स्टार्च

कच्चं, अर्धवट पिकलेलं आणि पूर्ण पिकलेलं, अशी तीन केळी. काप घ्यायचा नाही, चिकट होतो. टाचणीच्या डोक्याएवढा गर सुईने खरवडून पाण्यात पसरवायचा. लोखंडी सुरीने केळीच्या चिकाला काळा डाग येतो, स्टेनलेस ब्लेड घ्या.

पहिली चूक : आयोडीन होतं तसंच टाकलं. सगळं शाईसारखं काळं. एक भाग द्रावणात पाच भाग पाणी मिसळल्यावर एकेक कण निळा-जांभळा दिसू लागला. कच्च्या केळ्यात पेशी लांबट कणांनी भरलेल्या. रंग न लावता, उजेड कमी करून पाहिलं तर कणांवर एका टोकाकडून सुरू होणाऱ्या वलयांच्या रेघाही दिसतात. पिकलेल्या केळ्यात पेशींच्या पिशव्या तशाच, पण कण जवळजवळ नाहीत. कच्च्या गरात वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा स्टार्च असतो, पिकल्यावर तो एखाद-दोन टक्क्यांवर येतो आणि त्याची साखर होते. केळीच्या पट्ट्यातल्या मुलांना हे चवीने ठाऊक असतं, इथे ते डोळ्यांनी दिसतं.

स्लाइडवर दिसतो तो कण. त्याच्याभोवतीचं अवर्णलवकाचं (स्टार्च साठवणाऱ्या बिनरंगी पिशवीचं) आवरण दिसत नाही. चिठ्ठीवर 'अवर्णलवकात साठलेला स्टार्चचा कण' असं लिहिलं आहे, नुसतं 'अवर्णलवक' नाही.

५ ऑक्टोबर. मिरची : वर्णलवकं

नंदुरबारकडची ओली लाल मिरची. वाळलेली चालत नाही, पेशी चुरगळलेल्या असतात. सालीच्या आतल्या बाजूचा गर खरवडून पाण्यात ठेवला. रंग न लावता नारिंगी-लाल दाणे दिसले, हीच वर्णलवकं. अर्धी हिरवी, अर्धी लाल मिरची मिळाली तर सीमेवरच्या पेशी बघा : काही लवकं अजून हिरवट, काही पिवळट, काही लाल. हरितलवकांचीच वर्णलवकं होतात हे एका कापात मिळतं.

खबरदारी महत्त्वाची. त्याच हाताने नेत्रभिंग धरून डोळा लावला आणि काम तासभर बंद पडलं. तिखटपणा मुख्यतः बिया धरणाऱ्या पांढऱ्या गरात असतो, तो आधी काढून टाका आणि हातमोजे घाला. हाताला लागलंच तर आधी तेल चोळून मग साबण. नुसत्या पाण्याने जात नाही.

१२ ऑक्टोबर. कापूस : फक्त भित्तिका उरलेली पेशी

आपल्या भागाची खरी ठेव ही. सरकीवरचा प्रत्येक तंतू ही एकच पेशी आहे, बीजाच्या वरच्या थरातली एक पेशी लांबत गेलेली. वेचणीच्या कापसातून एक तंतू ओढून काळ्या कागदावर फूटपट्टीशेजारी ठेवला : २८ मिमी. कांद्याच्या पेशीच्या जवळजवळ ऐंशीपट. मायक्रोस्कोपशिवाय दिसणारी पेशी मुलाच्या तळहातावर ठेवता येते.

४०x खाली तो सपाट, पीळ पडलेल्या फितीसारखा दिसतो. बोंड फुटून तंतू वाळला की आतलं सगळं मरतं, पोकळ नळी चपटी होते आणि पिळते. केंद्रक शोधू नका. उरते ती जवळपास शुद्ध सेल्युलोजची भिंत आणि मधली रिकामी जागा. न फुटलेल्या हिरव्या बोंडातला तंतू सोडवून शेजारी ठेवला तर तो गोल, नळीसारखा, पीळ नसलेला. दोन्ही एकाच स्लाइडवर हवेत.

अडचण : कच्चा कापूस पाण्यात बुडेना. तंतूवर मेणाचा थर असतो, हवा अडकून सगळं काळं दिसतं. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब, मग पाणी. औषधी दुकानातला कापूस मेण काढलेला असतो, तो लगेच भिजतो, पण मूळ रूप दाखवायला शेतातलाच बरा.

१९ ऑक्टोबर. गालाच्या पेशी

सोपं काम. चूळ भरून, टूथपिकच्या बोथट टोकाने गालाच्या आतून हलकेच खरवडून काचपट्टीवर पातळ पसरवायचं, वाळू द्यायचं, ०.१ टक्का मिथिलीन ब्लू एक मिनिट, धुवायचं. मत्स्यालयाच्या दुकानातली मिथिलीन ब्लूची बाटली ₹६० ला मिळाली, ती १ टक्क्याची होती म्हणून दहापट पातळ केली. पेशी साधारण ०.०६ मिमी, कडा वेड्यावाकड्या, दुमडलेल्या, कारण भित्तिका नाही. प्रत्येकाने स्वतःच्याच पेशी घ्यायच्या आणि वापरलेल्या टूथपिक लगेच ब्लीचिंगच्या द्रावणात टाकायच्या.

२६ ऑक्टोबर. तंतुकणिका : अर्धं यश

तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, रंगवायला जेनस ग्रीन बी मागवलं, ₹१,४५०. हा सगळ्यात मोठा खर्च आणि संचात तो टिकला नाही.

पहिल्यांदा १ टक्क्याचं द्रावण केलं. पेशी मेल्या, केंद्रकासकट सगळं हिरवं. हा रंग जिवंत पेशीवरच काम करतो : तंतुकणिकांत ऑक्सिजन वापरणारं विकर (एन्झाइम) त्याला निळा-हिरवा ठेवतं, बाकी पेशीद्रव्यात तो रंगहीन होतो. मग १० मिलिग्रॅम रंग ५० मिली पाण्यात, म्हणजे ०.०२ टक्के. कांद्याचा आतला ताजा पापुद्रा पंधरा मिनिटं बुडवला. भिंतीलगतच्या पेशीद्रव्यात बारीक निळसर ठिपके, काही सरकणारे. ते ४०० पटीत दिसण्याच्या काठावर असतात. आठ-दहा मिनिटांत फिके पडले, कव्हरस्लिपखालचा ऑक्सिजन संपला की असं होतं.

ज्यांना सवय नाही त्यांना या ठिपक्यांत आणि धुळीत फरक करता येत नाही. १००x तेल-भिंग असलेल्या ठिकाणीच करा, नाहीतर हे पैसे घालू नका.

९ नोव्हेंबर. टिकवण : सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला

सप्टेंबरपासून केलेल्या स्लाइड ग्लिसरीन जेलीत बसवल्या होत्या : जिलेटिन ८ ग्रॅम, पाणी ४२ मिली, ग्लिसरीन ५० मिली, बुरशी लागू नये म्हणून फिनॉल १ ग्रॅम. फिनॉलने कातडी भाजते, हे काम मुलांकडे देऊ नका. कृती पुस्तकाबरहुकूम, पण ऑक्टोबर हीटमध्ये पत्र्याच्या कपाटात जेली वितळली. कव्हरस्लिपा सरकून एकमेकींना चिकटल्या, २२ स्लाइड गेल्या. जिलेटिनचा गोळा तिशी-पस्तिशीच्या तापमानातच सैल पडतो. आपल्याकडे एप्रिल-मे अजून पुढेच आहे. खानदेशात या जेलीच्या नादी लागू नका.

दुसरा मार्ग डीपीएक्स, स्लाइड कायमची बसवायचा पारदर्शक चिकट द्रव; त्याआधी पेशीतलं पाणी अल्कोहोलने काढून झायलिन या द्रावकात बुडवावं लागतं. अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोलला परवान्याची भानगड असते, म्हणून ९९ टक्के आयसोप्रोपिल घेतलं. सॅफ्रानिन या लाल रंगाने रंगवलेला कांद्याचा पापुद्रा ५०, ७०, ९० टक्क्यांतून दोन-दोन मिनिटं नेला तर रंगच धुऊन गेला. झायलिनमध्ये टाकल्यावर वर दुधाळ ढग आला, म्हणजे पाणी शिल्लक होतं. दुसऱ्या खेपेला सॅफ्रानिनमध्ये दहा मिनिटं ठेवून जास्त रंगवलं, प्रत्येक पायरीला फक्त अर्धा मिनिट, शेवटचं ९९ टक्के दोनदा, तेही नव्याने उघडलेल्या बाटलीतलं. स्वच्छ निघालं. झायलिनचं काम उघड्या ओट्यावर करा, आगीपासून लांब.

गालाच्या वाळलेल्या पेशींवर डीपीएक्स थेट चालतं. कापसाला मात्र नाही : डीपीएक्स आणि तंतू दोन्ही प्रकाश जवळपास सारखाच वळवतात, म्हणून तंतू दिसेनासाच झाला. तो कोरडाच ठेवून कव्हरस्लिपच्या कडा बंद केल्या.

मिरची शुद्ध ग्लिसरीनमध्ये, कडेने नेलपॉलिश. पहिल्यांदा पॉलिश धरलं नाही, कारण कडेला ग्लिसरीन सांडलं होतं. अल्कोहोलने कड पुसा, आधी चार कोपऱ्यांना ठिपके देऊन दहा मिनिटं थांबा, मग पूर्ण रेघ, वाळल्यावर दुसरा हात.

आयोडीनच्या सगळ्या स्लाइड आठवड्यात कोऱ्या झाल्या, आयोडीन उडून जातं. त्या कायमच्या करण्याचा प्रयत्न सोडला.

१६ नोव्हेंबर. पहिली चाचणी आणि हिशेब

एका शाळेत संच लावला. मुलांचा 'हाई काय शे?' (हे काय आहे?) हा प्रश्न सगळ्यात जास्त हायड्रिलाजवळ आला. कांद्याजवळ फारसा नाही, कारण आकृती त्यांना पाठ होती. म्हणून क्रम बदलला : आधी हायड्रिला, मग लाल कांद्याचा रससंकोच, कापूस, केळी, मिरची, गाल आणि शेवटी सॅफ्रानिनचा पांढरा कांदा.

एकूण खर्च ₹३,९००. त्यात जेनस ग्रीन ₹१,४५०, जेलीचं सामान ₹२१० आणि पोव्हिडोन आयोडीन ₹७० टाळता येण्यासारखे होते. तेवढं वगळलं तर नव्याने करणाऱ्याला ₹२,१७० पुरतील, मायक्रोस्कोप सोडून. वेळ सगळा मिळून ४१ तास, त्यातले १७ टिकवणीचे.

बाकी राहिलेलं : मिरचीच्या दोन स्लाइड उजेडात राहून फिक्या झाल्यात, त्या पुन्हा करून काळ्या कागदाच्या पाकिटात ठेवायच्या. हिरव्या बोंडाचे तंतू पुढच्या हंगामात फुलोऱ्यानंतर दिवस मोजून घ्यायचे, या वेळी बोंडाचं वय लिहून ठेवलं नव्हतं.